ठसका

प्रिय मुकादम,

ह्यांनी तुला ठेवलेलं नाव मी वापरलं म्हणून रागावू नकोस. पाठीला उशा लावून ह्यांना ताठ बसवायचीस, जेवण झालं की स्वतः ब्रश घेऊन दात घासून द्यायचीस, आणि कुरकुर केली की डोळे वटारायचीस. अर्धांगवायूनंतर ह्यांचा एक शब्द धड फुटत नव्हता, पण तू दारात दिसलीस की ‘आली मुकादम’ एवढं मात्र स्पष्ट निघायचं. मेला, सासऱ्याला सुनेचं नाव बरं जमायचं, बायकोचं नाही!

ह्यांच्या सलूनची किल्ली मी जुन्या कारागिराला दिली. त्याने आरसे पुसले, खुर्च्यांना तेल दिलं आणि ह्यांची खुर्ची रिकामी ठेवू का, असं विचारायला आला. मी म्हटलं, गिऱ्हाईक बसव, खुर्ची काय पुजायची आहे का? म्हटलं खरं, पण तो गेल्यावर खूप रडले.

तुला ठाऊक नसेल, ह्यांचा हात इतका हलका होता की दाढी करताना माणसं खुर्चीतच घोरायला लागत. तोंड उघडं, हनुवटीवर लाळ. त्यातला एखादा मधेच दचकून ठसकायचा. हे आधीच ओळखून वस्तरा बाजूला घेत. झोपेत स्वतःचीच लाळ आडवाटेने गेली, म्हणत, आणि नॅपकिनने हनुवटी टिपून पुन्हा कामाला लागत. गिऱ्हाईकाला पत्ताच नसे.

काल डॉक्टरांनीही मला हेच सांगितलं. मी एकटीच गेले होते आणि सगळं नीट कळेपर्यंत उठले नाही. झोपेत थोडीथोडी लाळ सगळ्यांच्याच फुप्फुसात उतरते म्हणे, तुझ्या, माझ्या, बाळाच्यासुद्धा. धडधाकट शरीर ती निस्तरतं. ह्यांचा घसा लुळा पडला होता, ठसका येणंच बंद झालं होतं. रोज झोपेत ती थेंब थेंब उतरत राहिली, तोंडातले जंतू घेऊन, आणि शेजारी निजून मला साधी ढाससुद्धा ऐकू आली नाही. तो न्यूमोनिया एका घासाचा नव्हता, कितीतरी दिवस आत धुमसत होता. त्या दिवशी सकाळपासूनच ह्यांना कणकण होती, आठवतं ना? सूप तू दुपारी भरवलंस. उलट तू दात इतके स्वच्छ ठेवत होतीस म्हणूनच इतके महिने मिळाले, असं डॉक्टर म्हणाले.

हे गेल्यावर भेटायला आलेल्या बायकांसमोर तुझी नणंद बोलून गेली, की शेवटचा घास वहिनीने भरवला आणि तोच छातीत गेला. मी तिला तिथल्या तिथे झापलं, पण तोवर तू बाळाला घेऊन आत गेली होतीस, आणि दुसऱ्या दिवशी माहेरी. डॉक्टरांचं बोलणं मी कालच तिच्या कानावर घातलं. ओक्साबोक्शी रडली गं. बाप तिचाही गेलाय.

हे फोनवर सांगितलं असतं तर ‘हो आई, हो आई’ करून तू ठेवून दिला असतास. म्हणून लिहितेय. गेल्या आठवड्यात तुझा नवरा तुला भेटून आला आणि भरल्या ताटावर रडायला लागला. बाळाला वरचं खाणं सुरू झालंय, पण भरवते तुझी आई. तू चमचा हातात घेतेस आणि तसाच खाली ठेवून उठून जातेस. हे ऐकलं म्हणून मी डॉक्टरांकडे गेले. अगं वेडे, त्या दुपारी वाटी संपत आली तेव्हा तू उठायला लागलीस, आणि ह्यांनी तुझ्याकडे बघून पुन्हा तोंड उघडलं. मी दारातून बघत होते. आजारपणात ह्यांनी आपणहून मागितलेला तो एकच घास, आणि तो तू दिलास. तो चमचा ह्या पाकिटात घातलाय, घासूनपुसून. बाळाला त्यानेच भरव. मग घेऊन ये परत. उद्या माझा घसा लुळा पडला, तर मला दुसऱ्या कुणाच्या हातचं नकोय.

तुझीच,
आई