मामाजी आणि घरचं डिझेल

२० नोव्हें. ६६, रवि.
आज शेवटी सुरुवात. ऑफिसातल्या रद्दी नकाशाच्या पाठीवर डिझेल इंजिन काढलं. गोंदियाला बघितलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही. फुटाला एक इंच धरला तरी लांबी साडेचार फुटांच्या वर. बैठक सगळी अडली. इंदूने कपाळाला हात लावला, पण चहा दिला.

मामाजी, म्हणजे इंदूचे बाबा, वाकून बघत होते. सासूबाई उन्हाळ्यात गेल्या तेव्हापासून आमच्याकडेच आहेत, पण लेकीच्या घरी म्हणून अजून पाहुण्यासारखे कडेला बसतात.
"कोन्या पुलाचा नकाशा हाये, जावईबापू?"
"पूल नाही, डिझेल. मॉडेल करणार आहे."
उठून अंगणात गेले. जन्म छोट्या लाइनवर कोळशाचं इंजिन हाकण्यात गेला त्यांचा. आधी मीच विचारायला हवं होतं.

२७ नोव्हें.
जुन्या खाटेच्या सागवानी पाट्या निघाल्या, सांगाडा त्यांचाच. लामत्याहून मामाजींचा पुतण्या रामदास आला होता. धान मळून झालं की काकांना न्यायला येतो म्हणाला. मामाजी लगेच "हौ." तव्यावर इंदूची पोळी करपली.

११ डिसें.
परसवाड्याच्या बाजारातल्या खराद्याने चाकं करून दिली. बाराच्या बारा. खाटेचे पाय कातणारा माणूस, पण हात काय सफाईचा! मामाजींनी एक चाक हातात घेतलं, फिरवलं, ठेवलं. मग एकदम:
"याच्यात आग कुठं रायते?"
सांगितलं. आत डिझेल जळतं, त्यावर वीज तयार होते, त्या विजेच्या मोटरी चाकं फिरवतात.
"आग दिसतच नायी?"
"नाही."
"मंग तिच्याजवळ मानूस बसते कसा?"
आज पहिल्यांदा बसून बोलले.

१८ डिसें.
नाकावर अडलो. इंजिनाचं तोंड गोल, फुगीर. घासलेटच्या डब्याचा पत्रा वळत नाही. अंगठा कापला. इंदू हळद लावता लावता, "फेका तो पत्रा. लगद्याचं करून देतो मी. टोपल्या नायी का करत आमी?"
खरंच की! रद्दी कागद भिजत घातले, चिकटपणासाठी मेथ्या वाटल्या. लगदा पालथ्या घमेल्यावर थापला. घरभर मेथीचा वास.

२५ डिसें.
नाक गेलं!! अंगणात वाळत ठेवलेलं. शेजारची बकरी निम्मं खाऊन मोकळी. मेथी ना. मामाजी काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत धावले. परत आले ते घामाघूम, आणि शिव्या डिझेलला नाही, बकरीला. इंदू पदर तोंडाला लावून आत पळाली.

१ जाने. ६७
दुसरं नाक. पहिल्याहून सुबक. मामाजी सकाळपासून उन्हात खाट टाकून राखणीला. जेवायलाही उठेनात. "तुमी जा. मी हाये न इथं." दुपारी बघतो तर कानस घेऊन इंजिनाच्या खिडकीची चौकट घासताहेत. मी बघितल्यावर कानस मागे लपवली. मी पाणी प्यायला आलो असं दाखवलं.

१५ जाने.
कालचे तिळगूळ घेऊन बस गॅरेजात. मिस्त्रीने मोडीतली वायपरची मोटर दिली. "डिजल बनाओगे, भाईसाहब? पहले हमारी बैहर वाली बस तो चला दो।" बॅटरीही दिली, संध्याकाळपर्यंत बोलीवर.
मागच्या चाकांना मोटर जोडली. उचलून धरलं तर चाकं भिंगरीसारखी. खाली लाकडी रुळांवर ठेवलं तर जागच्या जागी घूं घूं.
मामाजी ऐटीत उठले. "वाळू टाका. चढावर आमी हेच करत होतो." मूठभर वाळू रुळांवर टाकली. बटण दाबलं. तरी हललं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. हसू लागले. इतके, की खोकला आला. सासूबाई गेल्यानंतर हे पहिलंच.
पुढच्या चाकांनाही मोटर हवी.

२९ जाने.
रामदास न्यायला आला. मामाजी त्याला म्हणाले, "थांब न बाप्पा, मोटरचं काम रायलं." तो चिडला. "काका, लोक मले इचारतात, सख्खा पुतन्या असून पोरीच्या घरी काहून टाकलं म्हून."
मामाजींचा चेहरा उतरला. त्याचंही खोटं नाही. इंदू म्हणाली, "आमाले नायी इचारत कोनी." पण फार हळू.

३० जाने.
सकाळच्या गाडीने गेले. ट्रंक नेली. स्टेशनवर बघतो तर काखेत पिशवी, तिच्यात पुढची सहा चाकं आणि कानस. न विचारता घेतलेली.
"खरखरीत हायेत. तिथं घासतो निवांत."
"आणि मोटर?"
"पाहा तुमी. भेटली का सांगा मले."
गाडी सुटताना हात नाही केला. सवयीने पुढे, इंजिनाकडेच बघत होते.

घरी इंजिन पुढून विटांवर टेकवून ठेवलंय. नाकाला पहिला हात रंगाचा दिला. छान दिसतंय. इंदू शेजारी येऊन बसली.
"येतीन का बाबा?"
"चाकं त्यांच्याजवळ आहेत."
"चाकं तं कोनासंगही धाडता येते."