ऑगस्टाबाईंची लाकडी बंदूक

प्रिय आर्विडदादा,

लोर्नाचा नमस्कार. (वाकून केला असं समज, कंबर परवानगी देत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? जॉइसवहिनींच्या कोंबड्या या थंडीत अंडी देतात की नुसत्या रुसून बसतात?

परवा राजधानीत, हेलेनाला, विधानभवनात जाऊन आले. शाळेत बंदुकीच्या सुरक्षिततेचे धडे द्यायचे, पण ऐच्छिक, ज्याला हवे त्यानेच घ्यायचे, असं विधेयक आलंय. त्याच्या सुनावणीत आपल्या ऑगस्टाबाई बोलणार होत्या आणि त्यांची गाडी बर्फात रुतलेली, म्हणून सारथी मी. (वाटेत हरीण आडवं आलं. हरीण सुखरूप आहे, गाडीचा दिवा नाही.) चर्चच्या तळघरात अर्ध्या गावाला बंदूक धरायला शिकवणाऱ्या या बाई, ऐंशी उलटलेल्या, शिकवणीची नारिंगी लाकडी बंदूक घेऊन अशा काही रुबाबात आत शिरल्या, की माझाच ऊर भरून आला.

आमदार पेल्की म्हणाले, "बाई, आपल्याकडे पोरं बंदुकीसकटच जन्माला येतात. त्यांना काय शिकवायचं कपाळ?" ऑगस्टाबाईंनी ती लाकडी बंदूक त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती हौसेनं खांद्याला लावली आणि गर्रकन लोकांकडे वळले. दादा, अख्खं सभागृह खाली! शिकारी, गुराखी, पाद्रीबाबा, सगळे बाकांखाली. (मीही. कुणाचं तरी च्युइंगम अजून माझ्या केसांत आहे.) पेल्की एकटेच उभे, आणि वर म्हणतात, "अहो, घाबरताय काय? रिकामी आहे!"

लाकडाची बंदूक, आणि म्हणे रिकामी! अध्यक्षबाई हसत हसत टेबलाखालून वर आल्या. ऑगस्टाबाई शांतपणे म्हणाल्या, "रिकामी बंदूक नावाची वस्तूच नसते, हा पहिला धडा. खाली वाकलेत ते निम्मे माझेच विद्यार्थी. तुम्ही तेवढे राहिलात." समितीत विधेयक मंजूर झालं, पेल्कींनीसुद्धा हात वर केला. मी भर सभेत बाईंना मिठी मारली. अशी माणसं आपल्या गावात आहेत, हे आपलं भाग्यच म्हणायचं.

तुझी,
लोर्ना

ता. क. ईस्टरला माझ्या नातीला, मारेनला, घेऊन येतेय. चार वर्षांची आहे, दिसेल ते दार उघडते. कोंबड्या पळवणाऱ्या कोयोटींसाठी स्वयंपाकघराच्या दाराआड ठेवलेली तुझी बंदूक आधी कुलपात टाक. धडे ऐच्छिक आहेत, हे नाही.

ता. ता. क. 'ती रिकामी आहे' असं उत्तर पाठवू नकोस. पेल्कीही तेच म्हणत होते.