थिओचा चढा सूर

४ नोव्हेंबर १९७४, न्यूयॉर्क

थिओ येऊन गेली. अठरा तारखेच्या मैफलीसाठीची माझी नवी पाच गाणी म्हणून दाखवली. नुसता गळा, पियानो नाही — म्हणजे लपायला जागा नाही. सूर देणारा तो पोलादी नादकाटा गुडघ्यावर आपटायचा, कानाशी धरायचा, सूर घ्यायचा आणि सुरू. तरुणपणापासून ती माझी गाणी गातेय. आज पहिल्याच ओळीला अर्धा सूर वर! सूप प्यायलो, हवेवर गप्पा मारल्या.

"गाण्यांवर गप्प का रे? डायरीसाठी राखून ठेवतोयस?"

डायऱ्या छापून आल्यापासून मित्र माझ्याकडे पोटभर जेवतात, पण बोलतात तोलून.

६ नोव्हेंबर

समोरच्या चर्चची घंटाही चढी वाटते. थंडीनं असेल.

९ नोव्हेंबर

पुन्हा तेच. पाचही गाणी चढी. या वेळी सांगून टाकलं.

थिओ हसली. "अरे, काटा कानाशी धरून सुरुवात करते मी. चढेन कशी?"

"वय होतं, थिओ. कान दगा देतात."

हसू गेलं. कोट चढवता चढवता म्हणाली, "हेही लिहून ठेव."

लिहितोय. ओहायोतल्या बेकरीवाल्याचा पोर मी. ना पैसा, ना ओळख. दुकानात ट्रे पडला की मागच्या खोलीतून आवाजावरून सांगायचो, कुठला ते. याच कानांवर सगळं उभं केलं. मैत्रीसाठी त्यांनाच खोटं पाडू?

१० नोव्हेंबर

फोन केला. या मैफलीत तू गाऊ नकोस, म्हणालो. तिनं विचारलं, "कोण गाणार?"

सुचत नाही, म्हटलं.

"कोरिनला घे. माझ्याकडेच शिकलीय. गाणी तिला पाठ आहेत."

शिव्या दिल्या असत्या तर जेवण तरी गेलं असतं.

१५ नोव्हेंबर

कोरिन आली. धीट पोरगी, आवाज स्वच्छ. आणि सूर — अर्धा वर! गुरूचा रोग शिष्येला. सांगितलं तर गोंधळली.

"बाईंना विचारू का?"

"बाईंना नको. मला विचार."

"तुम्हालाच तर विचारतेय, मग तुम्ही चिडता."

१७ नोव्हेंबर

उद्या मैफल. थिओ येणार आहे म्हणे, मागच्या रांगेत बसायला. कोरिन अजून चढीच. शेवटी म्हटलं, दे तो काटा इकडे. पर्समधून काढला — थिओचा!

"बाईंनी दिलाय. म्हणाल्या, तो कितीही ओरडला तरी या काट्यावर विश्वास ठेव."

गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला. अर्धा सूर वर!

इतकं हायसं वाटलं की कोरिनला मिठीच मारली. काटाच खोटा निघाला. थिओचा कान शाबूत आहे, गळाही. उद्या सकाळी तिला फोन करतो, माफी मागतो, गाणी परत देतो. सोबत माझा काटा देईन — लहानपणी आईनं घेऊन दिलेला. सूर माझ्या कानातच असायचे, मला तो कधी वापरावाच लागला नाही.

१८ नोव्हेंबर, सकाळ

कपाटातून आईचा काटा काढला. आपटला. तोही वर.

समोर चर्चची घंटा वाजतेय, तीही चढी. सगळेच कसे चुकतील?

थिओकडे निघालो. हे फोनवर सांगता येणार नाही.