काटा ऐंशीवर, टायर जमिनीवर

३० सप्टेंबर
ही वही आणावी लागली, कारण काल शिरूर अनंतपाळच्या रस्त्याला मी पाऊण तास एका दगडावर बसले होते. टायरची हवा गेली होती. ड्रायव्हर नरसिंग पायपंप शोधायला गेला होता. तेवढ्यात माझे सात माजी विद्यार्थी त्या रस्त्याने गेले. सातही थांबले. "बाई, काय झालं?" तिसऱ्यापासून पुढे मी सांगितले, पिके बघते आहे.
पुन्हा असे होणार नाही. आज पोर्टेबल एअर कंप्रेसर घेतला. गाडीच्या लायटरच्या खोबणीत पिन घालायची, बस. कच्च्या रस्त्याला आता कोणाची मदत लागणार नाही.
या वहीत फक्त गाडीच्या नोंदी. खरे तेवढेच.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. गाडीची आणि कंप्रेसरची पूजा केली. हळद-कुंकू, अक्षता. नळीच्या तोंडावर, जिथून हवा निघते तिथे, बोट दाबून ओले कुंकू, त्यावर अक्षता नीट लावल्या. यंत्राची शक्ती तिथेच असते.
यजमान म्हणाले, "एकदा चालवून तरी बघ." नवी वस्तू उगाच झिजवायची नसते. पुन्हा प्लॅस्टिक चढवले, डिकीत ठेवला.

१२ नोव्हेंबर
व्हिडिओ पाहिला. वाळूतून जाताना चाकांची हवा कमी करायची, बाहेर आल्यावर भरायची. साधे आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. बी.एस्सी. फिजिक्स, १९८१. व्हिडिओची गरज नव्हती, खात्री करून घेतली.

२ डिसेंबर
नरसिंगला शाळेच्या व्हॅनवर कायमची नोकरी मिळण्यासारखी आहे. शाळा आमचीच, जिथून मी निवृत्त झाले. व्यवस्थापक शिवप्पा माझे मत विचारणार आहेत. नरसिंगची बायको सरजाबाई येऊन गेली. "बाई, तुमच्या एका शब्दावर हाय सगळं. रोजंदारीवर पोरींचं शिक्षण व्हईना." मी सांगितले, माणूस चोख आहे, तेच सांगेन. मी शब्दाची पक्की आहे.

१९ डिसेंबर, सायं. ७
येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. शेतात कडब्याची कोपी उभारून पांडव पुजायचे आणि येईल त्याला तिथेच जेवू घालायचे. सकाळी शेताकडे निघालो. मी, यजमान, लातूरहून आलेली नणंद उज्ज्वला, नरसिंग, भज्जीच्या भाजीचे पातेले आणि आंबिलीने भरलेला मातीचा बिंदगा.
ओढ्याशी नरसिंग म्हणाला, "बाई, वरच्या पाणंदीनं जाऊ. लांब पडतं, पण वाट हाय." मी चारही चाकांची हवा निम्म्याहून कमी केली. गाडी ओढ्याच्या वाळूतून सरळ पार. फिजिक्स.
मग कंप्रेसर लावला. आवाज उत्तम. काटा सर्रकन ऐंशीवर. मी म्हणाले, बघा, किती दाब आहे. नरसिंग वाकून म्हणाला, "बाई, काटा फुगलाय, टायर न्हाई."
दहा मिनिटांत नळी चटका बसण्याइतकी तापली, फ्यूज गेला. तशीच गाडी पुढे काढली. तुरीच्या धसकटांनी दोन टायर फाडले.
नरसिंग बिंदगा डोक्यावर घेऊन पुढे, आम्ही मागे. वाटेत प्रत्येक शेतातून हाका, या जेवायला. उज्ज्वला म्हणाली, "वहिनी, आपल्या कोपीपर्यंत पोचायचं का इथंच पांडव पुजायचे?" सगळे हसले. मी म्हणाले, परवा नरसिंगने डिकी आवरताना कंप्रेसर आपटला असणार.
हसणे थांबले. नरसिंग म्हणाला, "म्या हात बी न्हाई लावला, बाई." मी पुढे चालत राहिले. आपटला नसेलच असे कोण सांगणार?

२० डिसेंबर
शिवप्पांचा फोन. मी म्हणाले, प्रामाणिक आहे, पण वस्तू हाताळण्यात निष्काळजी. ते म्हणाले, "मग लेकरं कशी द्यावी हातात?" मी म्हणाले, ते तुम्ही ठरवा. प्रश्न त्यांचा होता. मुलांच्या सुरक्षिततेचा विचार मी नाही करायचा तर कोणी?
नीट झोप नाही. आंबील जास्त झाली असावी.

२२ डिसेंबर
कंप्रेसर संगमेश मेकॅनिककडे नेला. त्याने नळीच्या तोंडात तार घातली. कुंकवाचा वाळलेला खडा बाहेर आला, मागोमाग तांदळाचे तीन दाणे. पिवळे. संगमेश म्हणाला, "बाई, ह्याला जेवू कुणी घातलं?"
मी म्हणाले, कंपनीचा दोष दिसतो.
घरी येऊन यजमानांना सांगितले. ते पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवून म्हणाले, "शिवप्पाला फोन कर."
उद्या करेन. फोनपेक्षा लेखी बरे.

२३ डिसेंबर
पत्राचे चार कच्चे मसुदे. पहिल्या तिन्हींत 'गैरसमज झाला' असे लिहिले होते. गैरसमज कोणाचाच झाला नव्हता. चौथ्यात लिहिले, मी खोटे सांगितले.

२४ डिसेंबर
शिवप्पांनी पत्र उभ्यानेच वाचले. म्हणाले, "बाई, काल दुसरा माणूस ठेवला. आता त्याला कसं काढू?" फोन बावीसलाच केला असता तर. हे इथे लिहून ठेवते.

२५ डिसेंबर, दु. १२
नरसिंगच्या घरी गेले. अंगणात त्याच्या दोन्ही मुली वह्या घेऊन बसल्या होत्या. बाई आल्या म्हणून उठून उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोरच सांगितले, चूक माझी होती, तुमच्या वडिलांची नव्हती. आवाज वर्गात येतो तसा आला नाही.
सरजाबाईने चहा दिला. मी नरसिंगला म्हणाले, उद्यापासून रोजंदारी नको, वाढवून महिन्याचा पगार बांधून देते. तो म्हणाला, "पैशाचं न्हाई, बाई. तुमच्या गाडीत काय बी मोडलं की मला घाम फुटंल."

दिले : शिवप्पांना लिहिलेल्या पत्राची नक्कल, सहीसह, एक. नरसिंगने घडी घालून खिशात ठेवली. वाचली नाही.
मिळाले : गाडीची दुसरी चावी, नरसिंगकडे असायची ती, एक.