वाकून बघायचं नाही

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचे! टेम्पोतून सामान उतरवताना कंबर धरली, पण खोली बघून बायकोचा चेहरा असा खुलला की सगळं वसूल. खाली बोटींचं वर्कशॉप, वर आमची खोली, आणि खिडकीसमोर थेट तळं. नुसतं नावालाच तळं. पलीकडचा काठ पेन्सिलीच्या रेघेएवढा दिसतो.

मालकीणबाई मोजकं बोलतात. बोटी दोन, थोरली आणि धाकटी. थोरली चालवतो त्याला सगळे कप्तान म्हणतात. नर्सबाईंना सकाळी पलीकडच्या दवाखान्यात सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, एवढीच कप्तानाची जगप्रदक्षिणा. पलीकडे जायला दुसरा रस्ता नाही.

पहिलं काम लगेच मिळालं. थोरलीच्या मोटरचा अलार्म मध्येच वाजतो आणि आपोआप थांबतो. आधीच्या मेकॅनिकला दोष सापडला नव्हता. तो कुठे असतो म्हणून विचारलं, तर मालकीणबाई म्हणाल्या, तो गेला. चांगली नोकरी लागली असेल.

ही डायरी टूलबॅगेतच ठेवणार. काय उघडलं, काय बदललं, ते लिहिलेलं बरं.

५ मार्च, बुधवार

बोटीच्या मागच्या फळीला ही मोटर अडकवलेली असते. खालच्या खाचांमधून तळ्याचंच पाणी ओढते, अंगात फिरवून थंड होते आणि मागून बारीक धार सोडते. धार थांबली की मोटर तापते, तापली की अलार्म. साधा मामला. पाणी ओढणारा रबरी पंखा बदलला. थर्मोस्टॅट बदलला. सेन्सरच्या वायरीचा गंजलेला जोड कापून नवा केला. मग मोटर पिंपातल्या पाण्यात दुपारभर चालवली. हूं नाही की चूं नाही.

नर्सबाई हसून म्हणाल्या, माझ्या पेशंटसारखीच दिसते तुमची मोटर, डॉक्टरच्या दारात आली की दुखणं गायब. बायकोशी त्यांची चांगलीच गट्टी जमलीय. नुसती खिडकीत काय बसतेस, बोट शीक, असं तिच्या डोक्यात त्यांनीच भरवलं.

८ मार्च, शनिवार

कप्तानाबरोबर गेलो होतो. तळ्याच्या मध्यावर, पाणी काळपट होतं तिथे, अलार्म वाजला. मागची धार बंद. मोटर थांबवली, वर उचलली, वाकून खाचा तपासल्या. स्वच्छ. शेवाळाचा तंतूसुद्धा नाही. पुन्हा सुरू केली तर धार जोरात. मी वाकलो होतो तेवढा वेळ कप्तान माझा पट्टा मागून घट्ट धरून उभा होता. मी हसलो. तो नाही हसला.

दुपारी बायकोला धाकटी बोट शिकवली. काठाकाठाने मस्त चालवते. अलार्म वाजला तर काय करायचं, ते तिच्याकडून घोकून घेतलं: आधी मोटर बंद, मग ती उचलायची, मग वाकून बघायचं.

११ मार्च, मंगळवार

आज दोन्ही मोटरी अदलाबदल करून पाहिल्या. थोरलीची मोटर धाकटीवर लावून काठाने फिरवली, गप्प. धाकटीची मोटर थोरलीवर लावून मध्यावर नेली, आणि ती बोंबलली. आजवर कधीही न वाजलेली मोटर. म्हणजे दोष मोटरीत नाहीच. जागेत आहे.

धार थांबते, येते, थांबते. कोणी नळ उघड-बंद करावा तशी. कचरा अडकला तर अडकून राहतो, असा सोडत नाही.

कप्तानाला खोदून विचारलं. त्याने हातातली दोरी खाली ठेवली. मग म्हणाला, आधीचा मेकॅनिक नोकरी सोडून गेला नाही. तिथेच मोटर बघायला वाकला आणि पाण्यात गेला. पाणबुडे आणले, तळ ढवळून काढला. हाती काही लागलं नाही.

"अलार्म वाजला तर वाजू दे," तो म्हणाला. "तिथे वाकून बघायचं नाही. पुढे काढायची."

१४ मार्च, शुक्रवार

मी बघितलं.

मोटर चालू ठेवली, पट्ट्याला दोरी बांधली, ऊन डोक्यावर असताना वाकलो. पाण्यात हातभर खोल स्पष्ट दिसत होतं. खाचांवर तळवा होता. पांढरा, फुगलेला, बोटं पसरलेली. दाबून धरला होता. अलार्म वाजला. मग एकेक बोट उचललं गेलं, आणि धार सुरू झाली.

मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आवाजाने माणसं घाबरतात, म्हणाल्या, तो अलार्मच काढून टाका.

काढला. वायर कापली.

बायकोला काय सांगणार? आत्ताशी तर रुळतेय इथे.

१७ मार्च, सोमवार

नर्सबाई गेल्या.

मी बरोबर होतो. अलार्म नव्हता, म्हणून कुणाला कळलंच नाही. मोटर तापून मध्यावर बंद पडली. कप्तान पुढे चाकावर होता, मी मधे, नर्सबाई मागच्या फळीशी. काय झालं हो, म्हणत त्या वाकल्या. मी ओरडेपर्यंत—

किंकाळी नाही. पाणी उडालं नाही. नुसती जागा रिकामी.

पोलिसांनी लिहिलं, तोल गेला. वायरीचं मी बोललो नाही. बायको रडतेय. ती माझ्याकडे बघते तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

१९ मार्च, बुधवार

कप्तान सामान बांधून गेला. आपणही जाऊ या, मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, पलीकडे औषधं संपलीत, निदान तेवढी पोचवू. नर्सबाईंसाठी. खरं कारण लपवलं, बरं म्हणालो.

उद्या खोकी मी पोचवेन. संध्याकाळी इथून निघायचं. वायर पुन्हा जोडली.

२० मार्च, गुरुवार

मध्यावर आहे. मोटर जाम. अलार्म वाजला, मी थांबलो नाही, आणखी पळवली— तिने जीव सोडला. वल्हं काठावरच राहिलं.

बोटीच्या मधोमध बसलोय. कडेला जात नाही. लिहीत राहिलो की पाण्याकडे बघावं लागत नाही.

तळाला काहीतरी घासतंय. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सावकाश. दोन ठिकाणी.

घासणं थांबलं.

गेलं— कुठे—

काठावर बायको. तिने पाहिलंय मला. धाकटी सोडतेय. नको. दोन्ही हात हलवले. ओरडलो. वारा उलटा. तिला वाटलं मी बोलावतोय— तिनेही हात हलवला.

जवळ येतेय. चेहरा दिसतो. हसतेय. "मी आले" म्हणून ओरडतेय—

अलार्म. माझा नाही. तिचा.

पुढे काढ. थांबू नको. पुढे—

बंद केली तिने. उचलतेय. मी शिकवलं तसंच, एकही गोष्ट न चुकता—

ती वाक