फुकट होडी, नवशिक्यास योग्य

व्हेस्टरविक, ९ एप्रिल

थोरले बंधू बेर्टिल यांस, धाकट्या स्टाफनचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? माइलिस वहिनींचा रक्तदाब काय म्हणतो? मांजराचा उजवा डोळा सुधारला असेल अशी आशा आहे. माझं बरं चाललंय, म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेल्या एकट्या माणसाचं चालायचं तेवढं बरं. नाताळात हॅम कापता कापता तू मला सर्वांदेखत म्हणालास, की बासष्टाव्या वर्षी शिडाची होडी घ्यायचं खूळ डोक्यातून काढ, आणि निघतच नसेल तर निदान मला विचारल्याशिवाय घेऊ नकोस. तर तुला न विचारता घेतली. एवढंच कळवायला हे पत्र. मला तुझ्याकडून काही नको, आणि त्या गुडघ्यानं तू लिंशॉपिंगहून इकडे यायची तर मुळीच गरज नाही.

बाबा गेल्यावर वाटणी झाली त्यात तुला बाबांची होडी 'टेर्ना' मिळाली आणि मला भिंतीवरचा बॅरोमीटर (तो नऊ वर्षं 'वादळ' याच शब्दावर अडून बसलाय, आणि आपल्या घराण्यापुरतं त्याचं बरोबर आहे). ज्याला होडी चालवता येते त्याला ती मिळावी, असं तू म्हणालास आणि मीही मान डोलावली. मला चालवता येत नव्हती, कारण बाबांनी शिकवलं ते तुला. माझ्याकडे दोनच खाती होती: तळाचं पाणी उपसणं, आणि धक्का जवळ आला की होडी आपटू नये म्हणून बाजूला रबरी फुगे लटकावणं. चाळीस वर्षांत सुकाणूला माझा हात एकदाच लागला, आणि तो हात नव्हताच, दात होते (चार वर्षांचा होतो, मळमळत होतं, समोर दांडा दिसला, चावलो). पुढे दर ऑगस्टात तुझ्याकडे रिवाजाप्रमाणे कागदी टोप्या घालून झिंगे खायला जमलो की मी विचारायचो, टेर्ना कधी पाण्यात उतरवतोस? आणि तू डोक्यावरची कागदी टोपी सारखी करत सांगायचास, "ती कारागिराकडे आहे. लाकडाच्या कामाला वेळ लागतो, स्टाफन, तुला नाही कळायचं." मला खरंच नाही कळलं. नऊ वर्षं नाही कळलं.

म्हणून या हिवाळ्यात मी होडी चालवायच्या शिकवणीला गेलो, खुर्चीच्या पायाला दोऱ्या बांधून गाठी शिकलो आणि परवडेल अशी होडी शोधायला लागलो. पहिली एका दंतवैद्याची, फायबरची. जाहिरातीत 'उत्तम निगा' असं लिहिलं होतं. आत गेलो तर गादीवर शेवाळ आणि शेवाळावर चिमुकलं पिवळं फूल. दंतवैद्य म्हणाला की इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं, आणि एकविसाव्या झटक्याला दोरी त्याच्या हातात आली. दुसरी मात्र खरोखर चांगली होती. कोरडी, हलकी, शिडं नवी, एकट्या माणसाला झेपेल एवढीच, आणि माझ्या पेन्शनीला सोसेल अशी. विकणाऱ्या बाई मोठ्या उमद्या. फक्त आत त्यांचा नवरा राहत होता. घटस्फोटाला आठ महिने झाले होते, पण त्याला दुसरीकडे जायचं नव्हतं. त्यानं मला कॉफी दिली, शीड कसं गुंडाळायचं ते दाखवलं आणि म्हणाला, "घ्या ना तुम्ही. मी पुढच्या बाजूला झोपेन, तुम्हाला त्रास नाही." मी विचार करून कळवतो म्हणालो (दोन दिवस खरंच विचार केला, कारण त्याला निदान होडी चालवता येत होती).

मग तिसरी जाहिरात दिसली. 'लाकडी शिडाची होडी. फुकट. स्वतः येऊन न्यावी. नवशिक्यास योग्य.' फोटोत नुसती ताडपत्री. लोफ्टाहामारला एलॉफ नावाच्या म्हाताऱ्या सुताराच्या आवारात ती उभी होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसानं ताडपत्री ओढली, मी शिडी चढलो, आणि सुकाणूच्या दांड्यावर माझे दात दिसले.

बेर्टिल, मी तिथेच पाणी उपसायच्या जागी बसलो. तू आपल्या बापाची होडी येईल त्याला द्यायला काढलीस आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस. वाटेवरच्या कुठल्याही सोम्यागोम्याला नवशिका म्हणून चालला असता, सख्खा भाऊ नाही चालला. मला इतका संताप कधी आला नव्हता, अगदी बॅरोमीटर हातात पडला तेव्हाही नाही.

मग एलॉफनं मला कॉलर धरून खाली वाकवलं आणि तळ दाखवला. सांगाड्याच्या अकरा लाकडी बरगड्या मोडलेल्या. "कुणीतरी कोरड्या फळ्यांच्या फटी बघून घाबरलं, आणि त्यात दगडासारखी घट्ट होणारी पुट्टी भरली," तो म्हणाला. "पाण्यात गेल्यावर लाकूड फुगलं, फुगायला जागा नाही, मग काय, बरगड्या गेल्या. अरे, लाकडी होडी वसंतात गळतेच. दोन दिवस गळू द्यायची, आपली आपण मिटते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नवशिक्याचं काम आहे हे."

मी विचारलं, कोणा नवशिक्याचं? तर म्हणाला, लिंशॉपिंगचा एक उंच माणूस. बाप गेल्यावरच्या वसंतात त्यानं स्वतः पुट्टी भरली होती. तेव्हापासून दर एप्रिलात येतो, ताडपत्री उचलतो, बघतो, परत टाकतो. कॉफी दिली तर घेत नाही.

म्हणजे कारागीर कधी कामाला लागलाच नव्हता. मला वाटत होतं, माझा हात लागू नये म्हणून तू तिला दडवलंस. घरी येईपर्यंत गाडीत मी मोठमोठ्यानं हसलो, आणि नंतर हसलो नाही. नऊ ऑगस्ट, बेर्टिल. नऊ वेळा ती कागदी टोपी. एकदा म्हणायचं होतंस, मोडली रे माझ्या हातून. मी तुला काय बोलणार होतो? (बोललोच असतो. पुष्कळ बोललो असतो. पण एकाच ऑगस्टात आटपलं असतं.)

असो. होडी माझी आहे, मी ती दुरुस्त करणार आहे आणि मला कोणाचा सल्ला नको. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा भाऊ,
स्टाफन

ता. क. होडी माझ्या नावावर करायच्या सोबतच्या कागदावर सही करून पाठव. 'मोडतोडीचे कारण' हा रकाना मी 'वय' असं लिहून भरलाय.

ता. क. २. एलॉफ नव्या बरगड्या वाफेवर वाकवून देणार आहे. पण त्या तांब्याच्या खिळ्यांनी ठोकायच्या तर दोन माणसं लागतात: एकानं बाहेरून खिळ्याच्या डोक्याला जड लोखंड दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं आतून ठोकायचं. एलॉफचे हात थरथरतात. त्या घटस्फोटित गृहस्थालाही विचारलं, तो होडी सोडून यायला तयार नाही.

ता. क. ३. बाहेरच्या माणसाला स्टुलावर बसून काम करता येतं, गुडघ्याला त्रास नाही. मी आत असेन. चारशे खिळे आहेत, आणि मधे फळी असल्यामुळे आपल्याला एकमेकांचं तोंड बघावं लागणार नाही. शनिवारी सकाळी आठला ये.