आईच्या घेवड्याची बरणी

शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रिय भिंगरीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल. 'इकडे' म्हणजे तुझ्या घरापासून दोन शेतं सोडून. तुझ्या चुलीचा धूर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो, म्हणून तुझी खुशाली मला न विचारताच कळते. परवा धूर उशिरा निघाला. कंबर धरली होती का?

डाकवाल्याने पाकिटावरचा पत्ता वाचला आणि म्हणाला, "बाई, बहिणीचं घर तर तुमच्या ओट्यावरून दिसतं. हाक मारा की, तिकीट वाचेल." मी म्हटलं, "तू आपलं शिक्के मारायचं काम कर." दोन वर्षांत मारलेल्या हाकांचं काय झालं, ते त्याला कशाला सांगू?

माझं रहाटगाडगं तेच. पहाटे धार काढायची, भाजीला पाणी सोडायचं, डबा भरायचा आणि पायाचा चिखल शाळेच्या नळावर धुऊन वर्गात शिरायचं. वर्षअखेरीला निवृत्त होतेय. तुझे भावोजी म्हणतात, "शाळा सुटली म्हणून घरात शाळा भरवू नकोस." गुडघ्याने त्यांना खाटेवर बसवलंय, पण जीभ अजून पळते. गाईला कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका आहे.

आता मुद्द्याचं. तेवीस तारखेच्या रविवारी तुझ्या नातीचा पहिला ख्रिस्तप्रसाद. माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात तिच्याइतकी चौकस पोर दुसरी नाही. प्रत्येक मुलाला घरचं मोठं माणूस हाताला धरून वेदीपर्यंत नेणार. तिच्या आईबापांना दूरच्या नोकरीतून सुट्टी नाही, म्हणजे तूच. आणि तू निरोप धाडलास की शेजारीण जाईल, कारण पुढे 'बाई', म्हणजे मी, उभी असणार. भिंगरे, राग माझ्यावर आहे ना, मग पोरीला कशाला शिक्षा? दोन वर्षांपूर्वी चर्चच्या अंगणात जे झालं ते झालं. तूही तापलीस, मीही तापले. दोन भांडी एकत्र आली की वाजायचीच. आता विसरू या.

सोबत एक पुरचुंडी शिवून पाठवतेय. बाजारात एका म्हातारीकडे हुबेहूब आपल्या आईच्या घेवड्यासारखं बी दिसलं. पंचवीस दाणे आहेत. लावून बघ.

वाट बघते.

तुझी,
ताई

*

शनिवार, १५ नोव्हेंबर

प्रिय भिंगरीस,

आशीर्वाद. पुरचुंडी परत आली. शिवण उसवून पुन्हा घातलेली, आणि आत तुझ्या अक्षरात चिठ्ठी: 'बाजारचं बियाणं आम्ही लावत नाही.' दोन वर्षांत तू मला लिहिलेलं हे पहिलं वाक्य. मी ते चारदा वाचलं. अक्षर अजून उजवीकडे कलतंय, हेही बघितलं. खोड जात नाही माझी.

दाणे मोजले. चोवीस निघाले.

बाजारात कुठलीही म्हातारी नव्हती. ते मी रचून लिहिलं. बी आईच्याच घेवड्याचं आहे, आणि तेही तुला दाण्याच्या डोळ्याभोवतीचं पांढरं कडं बघताच कळलं असणार. जुन्यातलं थोडं बी मला सापडलं. गोठ्यामागे अकरा वेल लावले. तिकडेच का, तर तुझ्या ओट्यावरून गोठ्यामागचं दिसत नाही. तुझे भावोजी काठी टेकत तिथवर आले आणि म्हणाले, "घेवडा कुणापासून लपवतेस? गाईपासून?" मी त्यांना चहा हवा का विचारलं.

कुठे सापडलं, कधी सापडलं, ते लिहायला बसले की मला वर्गातलं काहीतरी आठवतं. आताही तेच आठवतंय, तर ते सांगते.

या आठवड्यात मुलांकडून पापनिवेदनाची तालीम करून घेतली. मी खुर्चीत बसून फादर व्हायचं, त्यांनी एकेक करून यायचं. नियम असा की खरी पापं सांगायची नाहीत, बनवून सांगायची. एकाने राजाचा खून केला, तोही दोनदा. एकीने समुद्र चोरला. मी तोंडाला पदर लावून बसले होते. मग तुझी नात आली. तिने पाप सांगितलंच नाही, प्रश्न विचारला.

"बाई, कंदील मांजरीने फोडला असं मला खरंच वाटलं होतं. मी सगळ्यांना तसंच सांगितलं. नंतर आठवलं की खिडकी मीच उघडी ठेवली होती. पण मी काही बोलले नाही. तर माझं पाप कोणत्या दिवसापासून मोजायचं? कंदील फुटला त्या दिवसापासून, की मला आठवलं त्या दिवसापासून?"

पस्तीस वर्षं शिकवतेय. हातचा का घ्यायचा इथपासून पृथ्वी पडत का नाही इथपर्यंत सगळ्याला उत्तर दिलंय. त्या पोरीला म्हटलं, "उद्या सांगते." उद्याही सांगितलं नाही.

जाताना ती दारातून वळली. "आणि बाई, तुम्ही हल्ली ख्रिस्तप्रसाद घ्यायला का जात नाही? सगळे उठतात, तुम्ही बसून राहता." मी म्हटलं, पाय दुखतात. बघ, मुलांना सत्य शिकवणाऱ्या बाईची ही तऱ्हा.

टाळतेय, हे मलाही दिसतंय. वर्गाची घंटा झाली.

तुझी,
ताई

*

गुरुवार, २० नोव्हेंबर

भिंगरे,

आज खुशाली वगैरे काही नाही. सरळ लिहिते, नाहीतर पुन्हा कालवडीवर जाईन.

आईच्या घेवड्याची बरणी तू नेली नव्हतीस. मी नेली होती. शाळेत.

दोन वर्षांपूर्वी पहिलीच्या मुलांना दशक काही केल्या कळेना. खडू मोजून झाले, काड्या मोजून झाल्या. एका सकाळी धार काढून घाईत निघाले, फळीवर बरणी दिसली, पिशवीत टाकली. जांभळ्या ठिपक्यांचे दाणे मुलांना फार आवडले. दहा-दहा दाणे चिंधीत बांधून त्यांनी दहा गठ्ठे केले आणि दशक एका दिवसात कळलं. मी खुशीत होते. त्याच आठवड्यात तपासणी आली. वर्गातलं सगळं सामान कपाटात कोंबलं, बरणी पृथ्वीच्या गोलामागे गेली, आणि माझ्या डोक्यातूनही गेली. अगदी साफ. शपथ घेऊन सांगते, इथवर मी खोटी नव्हते.

मग पेरणी आली. आईच्या मागे दोघींच्या वेलांचं बी त्या एकाच बरणीत माझ्याकडे राहायचं, आणि पेरणीला अर्धं तुला द्यायचं, अर्धं मी ठेवायचं, असं चाललेलं. फळीवर हात घातला तर बरणी नाही. आणि त्याच आठवड्यात मी शाळेत असताना तू शिडी न्यायला आमच्या घरी येऊन गेली होतीस. झालं. विचारायचं ते बांधावर विचारायला हवं होतं, दोघींनीच. मी रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, अख्खा गाव अंगणात असताना, घंटेखाली उभी राहून ओरडले. "आईचा वाण चोरलास! सख्ख्या बहिणीच्या घरात चोरी!"

तू ओरडली नाहीस. तू एवढंच म्हणालीस, "बाई, घरातलं सगळं तुम्ही शाळेत नेता. तिथे बघा."

तू मला पहिल्यांदा 'बाई' म्हणालीस. सगळं गाव म्हणतं, पण तू ताईच म्हणायचीस. आणि तू मला नेमकी जागा सांगितली होतीस, भिंगरे. कपाट उघडायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हटलं, "माझ्या शाळेला मध्ये आणू नकोस." लोकांना वाटलं, बाई म्हणतात म्हणजे खरंच असणार. पुढच्या महिन्यात चर्चच्या समितीने बैठक घेऊन वेदीच्या वस्त्रांच्या कपाटाची चावी तुझ्याकडून काढून घेतली. सव्वीस वर्षं तू ती वस्त्रं धुतलीस, एकावरही इस्त्रीचा डाग पडू दिला नाहीस. मी त्या बैठकीत होते. गप्प बसले. तेव्हापासून तू पहाटेच्या मिस्सेला येतेस आणि कुणी भेटायच्या आत निघून जातेस.

या ऑगस्टमध्ये निवृत्तीआधी सामानाची यादी करायला कपाट रिकामं केलं. गोलामागे बरणी. वर चिठ्ठी चिकटवलेली, 'दहाचे गठ्ठे', माझ्याच ठळक अक्षरात. मी दार लावून घेतलं आणि लहान मुलांच्या बाकावर बसून रडले. तुझ्यासाठी रडले असं लिहिणार होते. पण खरं सांगते, आधी भीतीनेच रडले. लोक काय म्हणतील याच्या.

बी भुंग्याने पोखरलं होतं. चांगले दिसले ते दाणे ओल्या फडक्यात ठेवले, अकरा उगवले. तेव्हा तुझ्याकडे धावत यायला हवं होतं. मी हिशोबी विचार केला: वेल वाढू दे, शेंगा वाळू दे, बरणी भरू दे, मग तिला देईन. म्हणजे चूक कबूल न करता भेट दिल्यासारखं होईल. आठवड्यामागून आठवडे गेले. प्रत्येक रविवारी बसून राहिले, कारण हे पोटात ठेवून ख्रिस्तप्रसाद जिभेवर घ्यायचं धाडस होईना. आणि तरी तुला ते बाजारचं थोतांड लिहिलं! त्यावर 'तूही तापलीस'! तू कुठे तापलीस गं?

तू एक दाणा ठेवून घेतलास तेव्हाच मला कळलं की तुला सगळं कळलंय. तरी तू गावात बोलली नाहीस.

सोमवारी मी पापनिवेदनाला गेले. तिथलं सांगू नये म्हणतात, पण माझं माझं सांगायला हरकत नसावी. आपले फादर म्हणजे माझ्याच हाताखालून गेलेला मुलगा, पाढ्यांना रडायचा. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं प्रार्थना सांगतील. ते म्हणाले, "बाई, क्षमा आहेच. पण तुम्हीच आम्हाला शिकवलंत, फळ्यावर चुकलं तर फळ्यावरच दुरुस्त करायचं. वहीत गुपचूप नाही." मी जाळीच्या अलीकडे बसून मान डोलावली. स्वतःचा धडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला फार जड जातो.

तुझ्या नातीलाही काल उत्तर दिलं. म्हटलं, "आठवलं त्या दिवसापासून मोजायचं. आणि सांगेपर्यंत रोज एक वाढतं." ती बोटं मोजत म्हणाली, "मग मी आजच आजीला सांगते." सांगितलं ना? रागावू नकोस तिच्यावर.

तर रविवारी मिस्सेनंतर मी त्याच घंटेखाली उभी राहणार आहे. वाक्यं पाठ केलीत: 'बरणी माझ्या बहिणीने नेली नव्हती. ती मीच शाळेत नेली आणि विसरले. ती तिथे बघा म्हणाली, मी बघितलं नाही. ऑगस्टमध्ये सापडली, तरी मी लपवलं. तिची चावी तिला परत द्या.' तू आलीस तरी बोलणार, नाही आलीस तरी बोलणार. तू आलीस तरच बोलेन म्हटलं, तर पुन्हा माझा तोच हिशोब.

पण पोरीचा हात तू धर. मी पुढे उभी राहणार नाही. मुलांची रांग लावायला धाकट्या शिक्षिकेला सांगितलंय. मी शेवटच्या बाकावर बसेन, खांबाच्या मागे. तुला मी दिसणारही नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, वेळेत पोहोचायचं नाही. आता संध्याकाळी बांधाने येऊन बरणीसकट तुझ्या ओट्यावर ठेवते. बरणी धुतली नाही. मुलांनी बांधलेल्या चिंध्या, माझी चिठ्ठी, सगळं होतं तसं आहे. पोखरलेल्या बियांच्या वर यंदाचं नवीन बी आहे. आता ते सगळं तुझं. अर्धं मागणार नाही. कधी दिलंस तर पदर पसरून घेईन.

दार वाजवणार नाही. तुला ताई म्हणावंसं वाटेपर्यंत त्या नावाने सहीही करणार नाही.

चुकलेली,
शाळेतली बाई